शालेय संगणकासाठी डेस्कटॉपची निवड

प्राथमिक शाळांतून संगणक येऊन आता बरीच वर्षे लोटली. कोठे ग्रामपंचायतीने दिलेला, कोठे माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून घेतलेला, तर कोठे एखाद्या कचेरीने स्वतःचा वापर संपल्यावर शाळेच्या स्वाधीन केलेला, अशा निरनिराळ्या वाटांनी ही यंत्रे शाळेच्या दारी पोहोचली आहेत. त्यांपैकी पुष्कळ यंत्रे अद्याप धडधाकट आहेत. तथापि विंडोज १० या कार्यप्रणालीस मिळणारा सर्वसाधारण मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या पुढील विंडोज ११ या प्रणालीस किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. या अटींत न बसणारे यंत्र चालू स्थितीत असूनही कपाटात जाऊन पडते, आणि संगणकाचा तास वेळापत्रकात केवळ नावापुरता उरतो.

अशा यंत्रांना पुन्हा कामास लावण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे मुक्तस्रोत कार्यप्रणाली. लिनक्सच्या घराण्यातील डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, तसेच सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेने २००७ साली प्रथम प्रसृत केलेली आणि डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली, या सर्व विनामूल्य मिळतात. त्यांच्या प्रती काढण्यास व वाटण्यास मुभा आहे. परंतु या मार्गावर पहिले पाऊल टाकताच शिक्षकासमोर असा एक प्रश्न उभा राहतो, की जो त्यास विंडोजमध्ये कधी पडलाच नव्हता. डेबियन संगणकावर बसवीत असता पडद्यावर एक यादी येते : ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माते, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. यांपैकी एक निवडावयाचे असते. विशेष काही न निवडता पुढे गेल्यास ग्नोम बसविला जातो. यंत्र २ जीबी रॅमचे असेल तर ते अशा वेळी कष्टाने चालू लागते; मुले एक चित्र दाबून वाट पाहत बसतात; आणि "लिनक्स फार मंद आहे" असा निष्कर्ष काढून यंत्र पुन्हा कपाटात जाते. वस्तुतः दोष एका निवडीचा असतो आणि खापर मात्र संपूर्ण प्रणालीच्या माथी फुटते. म्हणून ही निवड कशी करावी, याचा थोडा सविस्तर विचार करणे अगत्याचे आहे.

डेस्कटॉप म्हणजे काय?

संगणक चालू केल्यावर पडद्यावर जे दिसते ते एकसंध वाटते. परंतु त्याखाली अनेक थर असतात. सर्वांत तळाशी यंत्र. त्यावर कर्नल, म्हणजे यंत्राच्या स्मृतीची, प्रोसेसरच्या वेळेची व जोडलेल्या उपकरणांची व्यवस्था पाहणारा कार्यप्रणालीचा गाभा. त्यावर पडद्यावर चित्र उमटविणारी आणि कळफलक व माउस यांच्या हालचाली टिपणारी यंत्रणा. आणि या सर्वांच्या वर, खिडक्यांच्या चौकटी, तळाची किंवा माथ्याची पट्टी, कार्यक्रमांची यादी, फाईली पाहण्याची सोय, घड्याळ, रंगरूप व मांडणी बदलण्याच्या सोयी, या साऱ्यांचा मिळून झालेला एक संच. या संचास संगणकाच्या परिभाषेत 'डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट' असे म्हणतात. या लेखात त्याचा उल्लेख सुटसुटीतपणे 'डेस्कटॉप' असा केला आहे.

वर्गाच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. शाळेची इमारत एकच असते. परंतु त्याच खोलीत मुलांना ओळीने बसविता येते, गोल बसविता येते, फळा पूर्वेस लावता येतो किंवा पश्चिमेस. बैठक बदलली म्हणून भिंती बदलत नाहीत, आणि पाठही बदलत नाही. कर्नल ही इमारत होय, डेस्कटॉप ही बैठक होय, आणि लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, जीकॉम्प्री यांसारखे कार्यक्रम हे पाठ होत. जीकॉम्प्री हा लहान मुलांच्या खेळांचा संच केडीईच्या परिवारातील आहे. तरी तो एक्सएफसीईवरही चालतो. तात्पर्य, साधा डेस्कटॉप निवडल्याने शाळेच्या उपयोगाचे कार्यक्रम हातचे जातील, ही भीती निराधार आहे.

विंडोजमध्ये इमारत आणि बैठक एकाच उत्पादकाकडून एकत्र येतात. त्यामुळे या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हेच सहसा ध्यानात येत नाही. युनिक्सच्या परंपरेत त्या आरंभापासून वेगळ्या राहिल्या. त्याचे कारण थोड्या इतिहासावरून समजते.

इतके प्रकार का झाले?

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉमसन व डेनिस रिची हे त्याचे प्रमुख जनक. त्या काळी पडद्यावर खिडक्या व चित्रे नव्हती. आज्ञा टंकलिखित करावी लागे. पुढे १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात 'एक्स' नावाची खिडक्यांची यंत्रणा सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी एक धोरण कटाक्षाने पाळले. पडद्यावर खिडकी काढण्याचे साधन यंत्रणेने पुरवावे. मात्र ती खिडकी कशी दिसावी व कशी वागावी, हे यंत्रणेने ठरवू नये. या धोरणामुळे वरच्या थराची रचना करण्याचे स्वातंत्र्य इतरांस मिळाले, आणि त्याचबरोबर एकवाक्यताही उरली नाही.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा कर्नल प्रसिद्ध केला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ साली, माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने असे दाखवून दिले की, एका कार्यक्रमाच्या खिडकीचे वळण दुसऱ्याशी जुळत नाही आणि त्यामुळे सामान्य वापरणाऱ्याचा गोंधळ होतो. त्याच्या पुढाकाराने केडीईचा उपक्रम सुरू झाला. परंतु केडीई ज्या 'क्यूटी' या साधनावर उभारला जात होता, त्याचा परवाना त्या वेळी पूर्णतः मुक्त नव्हता. ही उणीव ज्यांना तत्त्वतः अमान्य होती, त्यांनी १९९७ साली ग्नोमचा आरंभ केला. मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना हे मेक्सिकोतील दोन तरुण त्याचे प्रवर्तक होत. क्यूटी २००० साली मुक्त परवान्याखाली आले आणि वादाचे मूळ कारण नाहीसे झाले. तोवर दोन्ही डेस्कटॉपांची मुळे रुजली होती. हलकेपणाकडे लक्ष देणारा एक्सएफसीई हाही याच सुमाराचा. त्याचा आरंभ ऑलिव्हिए फूर्दां यांनी केला.

दुसरा महत्त्वाचा टप्पा २०११ हा होय. त्या वर्षी ग्नोमची तिसरी आवृत्ती निघाली. तिने तळाची पट्टी व कार्यक्रमांची जुनी यादी काढून टाकली आणि कामाची रीतच पालटली. त्याच वर्षी उबुंटूनेही 'युनिटी' नावाचा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला. जुन्या रीतीची सवय झालेल्या पुष्कळांना हे बदल रुचले नाहीत. सर्वसाधारण विकाऊ वस्तूच्या बाबतीत अशा वेळी ग्राहकाने कुरकुर करून गप्प बसावे लागते. येथे मूळ आज्ञावली खुली असल्याने अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोमची दुसरी आवृत्ती घेऊन ती निराळ्या नावाने चालू ठेवली. तिचे नाव 'माते'. दक्षिण अमेरिकेतील काही देशांत येर्बा माते या वनस्पतीचे पेय पितात. त्यावरून ते ठेवले गेले. लिनक्स मिंटच्या मंडळींनी २०११-१२ मध्ये नव्या ग्नोमच्याच पायावर जुन्या वळणाचा 'सिनॅमन' उभा केला. युनिटी मात्र २०१७ साली उबुंटूने सोडून दिला व तो पुन्हा ग्नोमकडे वळला.

या इतिहासातून शिक्षकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, हे प्रकार कोणा एकाच्या लहरीने झालेले नसून, वापरणाऱ्यांच्या निरनिराळ्या गरजांतून झाले आहेत. दुसरी, आज डोळ्यांत भरणारा डेस्कटॉप उद्या टिकेलच असे नाही. म्हणून शाळेसाठी निवड करताना दीर्घकाळ चालत आलेल्या व ज्यांच्या पाठीशी मोठा समुदाय आहे, अशाच डेस्कटॉपांचा विचार करावा.

प्रमुख डेस्कटॉपांचे स्वभाव

ग्नोम : याची मांडणी अत्यंत मोकळी असते. माथ्यावर एक अरुंद पट्टी. कार्यक्रम उघडण्यासाठी कळफलकावरील एक कळ दाबून नाव शोधावयाचे अथवा चित्रांच्या जाळीतून निवडावयाचे. बदलाच्या सोयी मोजक्याच असल्याने मुलांच्या हातून मांडणी सहसा विस्कटत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा 'ओर्का' आणि पडदा मोठा करून दाखविणारे भिंग यांची सोय त्यात चांगली आहे. दृष्टिदोष असलेल्या बालकासाठी ही मोलाची होय. मात्र यास स्मृती अधिक लागते व जुन्या यंत्रावर तो जड पडतो.

केडीई प्लाझ्मा : तळाशी पट्टी व कोपऱ्यात यादी, अशी याची परिचित मांडणी असते. जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते. ही विपुलता जाणत्यास आनंद देते. नवख्यास ती गोंधळातही पाडू शकते. याची चौथी आवृत्ती २००८ साली आली तेव्हा ती अपक्व असल्याची तक्रार सर्वत्र झाली होती. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाली. सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली.

सिनॅमन : विंडोजवर हात बसलेल्या शिक्षकास हा सर्वांत कमी परका वाटतो. यादी, पट्टी व घड्याळ ही अपेक्षित ठिकाणीच सापडतात. लिनक्स मिंटसाठी २ जीबी रॅम ही किमान व ४ जीबी ही सुखाने काम होण्यासाठीची मर्यादा सांगितलेली आहे. सिनॅमनचा विचार करताना ४ जीबी हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

माते आणि एक्सएफसीई : हे दोन्ही जुन्या वळणाचे, सौम्य व स्थिर. आवृत्त्या सावकाश निघतात आणि त्यांत उलथापालथ क्वचितच होते. आज तयार केलेली शिकवणीची टिपणे दोन वर्षांनीही उपयोगी पडतात, हा शाळेच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे. एक्सएफसीई हा मातेहून काहीसा हलका.

एलएक्सक्यूटी : तैवानमध्ये २००६ साली सुरू झालेल्या एलएक्सडीईच्या परंपरेतून हा निघाला. सर्वसामान्य डेस्कटॉपांत तो सर्वांत हलक्यांपैकी आहे. सजावट थोडी, सोयी आवश्यक तेवढ्याच. इतर डेस्कटॉपांखाली दमून जाणारे यंत्र यावर पुष्कळदा चालू शकते.

निवडीच्या कसोट्या

(१) सर्वांत दुबळे यंत्र. शाळेत चार संगणक असतील तर ते सहसा चार निरनिराळ्या वर्षांचे असतात. अशा वेळी उत्तम यंत्राकडे पाहून निवड करू नये. सर्वांत दुबळ्या यंत्रास जो पेलेल तो डेस्कटॉप सर्व यंत्रांवर बसवावा. एकाच वर्गात दोन मुलांसमोर दोन निराळे पडदे असले तर शिक्षकाची प्रत्येक सूचना दोनदा द्यावी लागते, आणि ज्याच्या वाट्यास मंद यंत्र येते ते मूल मागे पडते. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, २ जीबी रॅम असल्यास एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई. ४ जीबी असल्यास एक्सएफसीई, माते किंवा सिनॅमन. आणि ८ जीबी असल्यास कोणताही निवडावा. यंत्रे मिश्र असल्यास एक्सएफसीई हा बहुधा सुरक्षित मध्यममार्ग ठरतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. इंटरनेट पाहण्याचा कार्यक्रम, म्हणजे ब्राउझर, हा आजकाल डेस्कटॉपपेक्षाही अधिक स्मृती खातो. २ जीबीच्या यंत्रावर कितीही हलका डेस्कटॉप ठेवला तरी एकाच वेळी अनेक पाने उघडल्यास यंत्र अडखळणारच. अशा यंत्रावर लेखन, चित्रकला, गणिताचे खेळ इत्यादी कामे ठेवावीत. थोडा पैसा उपलब्ध असेल तर जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो, तो डेस्कटॉप बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा बहुधा अधिक असतो.

(२) शिक्षकाचा हात. ज्या मांडणीवर शिक्षकाचा हात सहज चालतो, तीवरच तो निर्भयपणे शिकवू शकतो. एखादा डेस्कटॉप तत्त्वतः श्रेष्ठ असला तरी शिक्षकास तो परका वाटत असेल, तर तासाचा अर्धा वेळ शोधाशोधीत जाईल. नव्या मांडणीचा अभ्यास करावा. परंतु तो वर्गात नव्हे, वर्गापूर्वी.

(३) मराठीची सोय. पडद्यावरील याद्या व सूचना मराठीत किती प्रमाणात दिसतात, हे प्रत्येक डेस्कटॉपमध्ये निरनिराळे असते. कोठे बहुतेक शब्द मराठीत तर कोठे मधूनच इंग्रजी. ते प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. टंकलेखनाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. इनस्क्रिप्ट हा कळफलक वरील सर्व डेस्कटॉपांवर लावता येतो. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे, अशी मांडणी असल्याने वर्णमाला शिकलेल्या मुलास ती लवकर उमगते. रोमन अक्षरांवरून मराठी उमटविण्याची सोय मात्र काही डेस्कटॉपांवर निराळी बसवावी लागते. परीक्षेसाठी 'दऱ्या', 'कुऱ्हाड', 'ॲल्युमिनियम', 'लक्ष्मण', 'श्रावणबाळ' असे शब्द टंकून पाहावेत. अक्षरे तुटत असतील तर टंक बदलावा. लोहित देवनागरी हा मुक्त टंक सहज उपलब्ध असतो.

(४) मुलांचा वावर. पहिली-दुसरीच्या मुलास माउस नेमक्या जागी नेणे कठीण जाते. म्हणून चित्रे मोठी ठेवता येणे अवश्य. मुलांसाठी स्वतंत्र खाते असावे व त्यास प्रणालीत बदल करण्याचे अधिकार नसावेत. ज्या डेस्कटॉपवर बदलाच्या सोयी अधिक, त्यावर मुलांच्या हातून पट्टी नाहीशी होण्याचा संभवही अधिक, हे विसरू नये. तसे झालेच तर मुलास दोष देऊ नये. तेच खाते नव्याने तयार केल्यास मांडणी पूर्ववत होते. त्यापूर्वी मुलांनी केलेले काम मात्र अन्यत्र उतरवून घ्यावे.

जे डेस्कटॉपच्या हाती नाही

काही अडचणींचे मूळ डेस्कटॉपमध्ये नसते. तो बदलून त्या सुटणार नाहीत. छपाईयंत्र ओळखले न जाणे किंवा वाय-फाय न लागणे, या गोष्टी मुख्यतः कर्नल व उपकरणांच्या चालकांशी निगडित आहेत. जुन्या परिपत्रकांच्या फाईली उघडल्यावर मराठीऐवजी विचित्र चिन्हे दिसतात, त्याचे कारण त्या फाईली युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात लिहिलेल्या असतात; तो टंक नसलेल्या कोणत्याही संगणकावर तेच दिसेल. फार जुन्या ३२-बिट यंत्रांच्या बाबतीतही हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या डेबियन १३ ने अशा यंत्रांसाठी स्थापनेची सोय ठेवलेली नाही. तेथे प्रश्न प्रणालीच्या निवडीचा आहे, डेस्कटॉपच्या नव्हे. अडचण कोणत्या थरातील आहे हे ओळखता आले म्हणजे निम्मे काम होते.

निवड पार पाडण्याची रीत

प्रथम प्रत्येक यंत्राची रॅम, साठवण व वय यांची नोंद वहीत करावी. शाळेच्या सर्व फाईलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. ही गोष्ट कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. त्यानंतर पेनड्राईव्हवर प्रणालीची प्रत तयार करून संगणक त्यावरूनच चालू करावा. अशा रीतीने हार्डडिस्कला हात न लावता डेस्कटॉप प्रत्यक्ष पाहता येतो. लिनक्स मिंट हा सिनॅमन, माते व एक्सएफसीई अशा तीन रूपांत निघत असल्याने तुलनेस सोयीचा आहे. पेनड्राईव्हवरून काम काहीसे मंद चालते, हे मात्र लक्षात घ्यावे.

प्रणाली एकदा बसविल्यावरही निवड कायमची बांधली जात नाही. एकाच यंत्रावर दोन डेस्कटॉप बसवून, नाव व सांकेतिक शब्द भरण्याच्या पडद्यावर त्यांतील हवा तो निवडता येतो. चाचणीसाठी ही सोय उत्तम; पुढे मात्र एकच ठेवावा, अन्यथा याद्यांत एकाच कामाचे दोन-दोन कार्यक्रम दिसून मुले गोंधळतात.

चाचणी मुलांकडूनच करवून घ्यावी. तिसरी-चौथीच्या पाच-सहा मुलांना एकामागून एक बोलावून चार कामे सांगावीत : लिहिण्याचा कार्यक्रम उघडणे, स्वतःचे नाव मराठीत लिहिणे, ते जतन करणे आणि कार्यक्रम बंद करून तीच फाईल पुन्हा शोधून काढणे. शिक्षकाने मध्ये न बोलता मूल कोठे अडते तेवढेच टिपावे. दुसऱ्या डेस्कटॉपवर हीच कामे दुसऱ्या मुलांकडून करवावीत. चौथ्या कामात मुले सर्वांत अधिक अडतात, असे दिसून आल्यास आश्चर्य वाटू नये. फाईल 'कोठे' ठेवली ही कल्पनाच मुलास नवी असते. ज्या डेस्कटॉपवर ती कल्पना मुलांना अधिक सहज गवसेल, तो त्या शाळेस योग्य.

दोन उदाहरणे

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एक प्रयोग उल्लेखनीय आहे. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एकशिक्षकी मराठी शाळेत झाला. त्या लहान लॅपटॉपांवर लिनक्स होते आणि डेस्कटॉप होता 'शुगर'. त्यात कचेरीच्या मेजाची कल्पनाच सोडून दिली होती. फाईल व फोल्डर यांऐवजी मुलाने केलेल्या कृती रोजनिशीप्रमाणे तारखेवार साठत असत. शुगरचे काम २००८ पासून शुगर लॅब्ज या नावाने चालविले जाते. डेस्कटॉप मोठ्यांच्या कचेरीसाठीच असतो असे नाही, मुलाच्या मनाचा विचार करूनही तो घडविता येतो, हा त्यातील बोध होय.

दुसरे उदाहरण केरळचे. तेथील शासनाने २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला व पुढे शाळांसाठी मुक्त आज्ञावलीचा स्वीकार केला. २०१७ पासून हे काम 'काइट' या संस्थेकडे आहे. शाळांसाठी एकच प्रणाली तयार करून दिली जात असल्याने पाठ्यपुस्तकातील चित्र, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मुलासमोरील पडदा यांत मेळ राहतो. एकसारखेपणाचे बळ किती असते, हे त्यावरून दिसते. एखाद्या केंद्रातील शाळांनी एकत्र बसून एकच डेस्कटॉप ठरविला, तर हेच बळ लहान प्रमाणावर तेथेही मिळू शकेल. एका शाळेतील शिक्षकाची अडचण शेजारच्या शाळेतील शिक्षक फोनवरून सोडवू शकेल, कारण दोघांसमोर एकच पडदा असेल.

शेवटचा विचार

पालकांकडून एक शंका हमखास येते : "मुले हे शिकली आणि पुढे बाहेर दुसरेच दिसले तर?" या शंकेचे उत्तर डेस्कटॉपच्या नावात नसून शिकविण्याच्या पद्धतीत आहे. "खालच्या कोपऱ्यातील तिसरे चित्र दाब" असे शिकविले तर चित्राची जागा बदलताच मूल अडणार. "केलेले काम जतन कर, त्याला नाव दे, ते कोठे ठेवलेस ते सांग" असे शिकविले तर ते मूल कोणत्याही पडद्यासमोर थोड्या वेळात वाट काढील. खिडकी, फाईल, शोध, जतन, प्रत या कल्पना सर्वत्र सारख्याच आहेत.

सारांश, डेस्कटॉप निवडताना रूपापेक्षा पेलवणुकीकडे, आणि उत्तम यंत्रापेक्षा दुबळ्या यंत्राकडे प्रथम पाहावे. शिक्षकाचा हात, मराठीची सोय व मुलांचा वावर या कसोट्यांवर ती निवड पारखून घ्यावी आणि एकदा ठरले की सर्व यंत्रांवर एकच ठेवावे. ज्या शाळांतून संगणक कपाटात बंद आहेत, तेथील शिक्षकबंधु-भगिनींनी प्रथम एकच यंत्र बाहेर काढून, त्याची रॅम पाहून, या रीतीने प्रयोग करावा. कपाटातील यंत्र खरोखर निकामी झाले आहे, की केवळ त्यावर न पेलणारा भार टाकला गेला होता, याचा उलगडा एका दुपारच्या कामात होऊ शकेल.